आजाऱ्याचा वाटा

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला भाडं सांगितलंच नाही. टेबलाच्या एका बाजूला मला बसवलं, दुसऱ्या बाजूला स्वतः बसले, मध्ये पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "मागण्यो सांगा."

मी गडबडलो. घाटावरून नुकताच आलो होतो. मालवणच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून नेमणूक झाली होती, आणि देवबागात खोली स्वस्त मिळेल असं शाळेतल्या शिपायाने सांगितलं होतं. भाडेकरूलाही मागण्या असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, "मागण्या कसल्या? तुम्ही म्हणाल तसं."

ते असे काही खवळले की तांब्यातलं पाणी हिंदकळलं. "तुमी म्हणशात तसा! ह्याच बोलान लोकांनी आपली वाट लावून घेतली. शिकलेले ना तुमी? आधी मागणी, मगे घासाघीस, मगे सही."

तासभर घासाघीस झाली. त्यात बहुतेक वेळ माझ्या बाजूनेही तेच भांडत होते. पावसात कौलं गळली तर भाडं निम्मं, हे कलम त्यांनीच सुचवलं आणि त्यांनीच त्याला कडाडून विरोध केला. शेवटी भाडं मी मनात धरलं होतं त्याच्याही खाली आलं. फक्त एक अट आली: भाडेकरूने दर रविवारी, म्हणजे त्यांच्या आयतारी, न्याहारीनंतर एक तास इंग्रजी कागद वाचून त्यांचा मराठीत अर्थ सांगावा. मी आनंदाने पेन काढलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. आमचाच करार, आमच्यासमोर लिहिलेला, त्यांनी मला तीनदा मोठ्याने वाचायला लावला आणि मगच सही करू दिली. माणूस वेडा आहे अशी माझी खात्री झाली, आणि त्या वेड्याकडे मी दहा वर्षं राहिलो.

मी त्यांना काका म्हणत असे. वाडीत त्यांचं नाव गोली, कारण तरुणपणी ते गोव्यात एका खाणवाल्या कंपनीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होते. तळहात सुपाएवढे. उजवा गुडघा वाकत नसे, त्यामुळे ते जेवायलाही पाय लांब करून बसत, आणि वाढणारा त्या पायाला वळसा घालून जाई. कंपनीने दहा वर्षं त्यांना खेळवलं. एका सामन्यात गुडघा गेला, तेव्हा साहेबाने कपाटातून एक इंग्रजी कागद काढून दाखवला. खेळता येईल तोवरच नोकरी, असं त्यात होतं म्हणे, आणि खाली काकांची सही होती. हातात एसटीचं भाडं आणि अंगावरची हिरवी जर्सी घेऊन ते देवबागला परतले. ती जर्सी ते लग्नामुंजीत घालत. नवऱ्या मुलाच्या शेजारी हिरव्या जर्सीतला हा उंच माणूस अक्षता टाकतोय असे किती तरी फोटो त्या वाडीतल्या घरांत असतील.

खिशात कायम शिट्टी आणि दोन कार्डं. पिवळं कार्ड म्हणजे एका लग्नपत्रिकेची पाठ, लाल म्हणजे दुसरीची. विहिरीवर बादली उघडी ठेवली, पिवळं. दिवा जळत राहिला, पिवळं. माझ्या आधीच्या भाडेकरूला लाल मिळालं होतं आणि तो दुसऱ्या दिवशी सामानासह कुडाळ स्टेशनावर दिसला होता, असं लोक सांगत. एका पावसाळ्यात माझ्या बिछान्यावर गळायला लागलं म्हणून मी दोन दिवस तोंड पाडून वावरलो. तिसऱ्या दिवशी काका दारात आले. "रडतास कित्याक? संप करा!" मी म्हटलं, कोणाविरुद्ध? "माझ्याविरुद्ध! भाडा देव नको. मी येतंय बोलणी करूक." आणि खरोखर ते संध्याकाळी टेबल, तांब्या घेऊन बोलणी करायला आले. हरले आणि खुशीत कौलं चढवायला गेले.

दशावताराची मंडळी जत्रेला आली की दुपारी ती देवळात आडवी झालेली असे. काका त्यांच्यात जाऊन बसत आणि राक्षसाचं काम करणाऱ्याला उठवून रात्रीच्या खेळाची मजुरी विचारत, "तुका नायटीचे किती? आणि पाय मुरगाळलो तर?" एकदा त्या राक्षसाने यांना तंगड्या धरून बाहेर काढलं होतं.

तर, रविवारचे कागद. त्यांचा पुतण्या बोटीवर होता. तो बंदराबंदरांतून वर्तमानपत्रं आणायचा. पुढे मालवणच्या बाजारात इंटरनेटचं दुकान निघालं, तेव्हा काका स्वतः एसटीने जात आणि पिशवीभर कागद छापून आणत. विषय एकच. परदेशातल्या फुटबॉलच्या लीगा, त्यांचे मालक, खेळाडूंच्या युनियनी आणि त्या दोघांमधले करार. मला आधी हसू यायचं. अख्खं गाव क्रिकेटमागे वेडं, आणि हा म्हातारा सातासमुद्रापलीकडच्या गोलकीपरांच्या पगाराची काळजी करतोय!

एका रविवारी मी तिकडच्या एका पोराचा आठवड्याचा पगार वाचला, रुपयांत करून पाहिला आणि हबकलोच. "काका, ह्यात देवबागच्या सगळ्या होड्या जाळ्यांसकट येतील!"

"कमी आसा," काका म्हणाले.

"कमी?"

"टीव्हीवाल्यांनी मालकांका काय दिला ता वाचा."

वाचलं. तो आकडा मला रुपयांत करतासुद्धा येईना. आणि चार वर्षांपूर्वीचा आकडा त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. काका म्हणाले, "पोराचो पगार बगून तुमचे डोळे पांढरे झाले. मालकाचो गल्लो बगून कित्याक नाय झाले? म्हावरा वाडला, वाटो खंय वाडलो?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माशाला तिकडे म्हावरं म्हणतात. मासळी वाढली, पण वाटा कुठे वाढला? दुसऱ्या एका लीगमध्ये खेळाडूंच्या एकूण पगाराला वरून मर्यादा घालतात हे मी वाचलं, तेव्हा ते बराच वेळ मान हलवत राहिले. "झाकण खेळणाऱ्याच्या मडक्याक. मालकाच्या मडक्याक झाकण खंय आसा?"

वाटा म्हणजे काय ते मला त्यांनी किनाऱ्यावर नेऊन दाखवलं होतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते, आणि मग अख्खी वाडी दोन्हीकडचे दोर धरून ओढते. मासे वाळूत पडले की वाटे घालतात. एक होडीचा, काही जाळ्याचे, बाकी दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा एकेक. पण त्या वाडीत या सगळ्यांच्या आधी एक वाटा पडत असे. त्या मोसमात दोर ओढणारा कोणी आजारी पडला, कोणाचा हात-पाय मोडला, तर त्याचा. त्याचं नाव आजाऱ्याचा वाटा. दोराला न लागताही तो मोसमभर मिळतो, आणि कोणी त्याचे आभार मागत नाही. काका म्हणाले होते, "ह्या माका कंपनीत कोणी दिल्यानी नाय." मी मान डोलावली होती. दोर मात्र मी कधी धरत नसे. ओटीवर चहा पीत बघायला मला आवडायचं.

आता माझ्या त्या रविवाराबद्दल लिहायला हवं. त्या दिवशी मला मुलगी बघायला गावी जायचं होतं. कुडाळहून गाडी होती आणि दारात रिक्षा येऊन थांबली होती. काकांनी माझ्यापुढे जाडजूड गठ्ठा ठेवला. परदेशातल्या एका लीगचे मालक आणि खेळाडूंची युनियन यांच्यातला सबंध करार होता तो. मी पहिलं पान वाचलं आणि मला घाम फुटला. माझं इंग्रजी शाळेपुरतं आणि हे होतं वकिलांचं. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. पण मास्तराच्या जातीला 'येत नाही' म्हणायची सवय नसते.

"सगळा नको," काका म्हणाले. "येकच सांगा. आजाऱ्याचो वाटो आसा तेच्यात?"

मी पानं चाळली. दुखापत हा शब्द दोनचार ठिकाणी दिसला. रिक्षावाल्याने भोंगा वाजवला.

"आहे," मी म्हणालो.

"पुऱ्या मोसमाचो?"

"पुऱ्या मोसमाचा."

"सगळ्या जगात तसाच?"

पुन्हा भोंगा. "हो हो, सगळ्या जगात."

काका उठले, आणि पुन्हा बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. या माणसाच्या डोळ्यांत पाणी येऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं. "म्हणजे माझो गुडघो फुकट नाय गेलो," ते म्हणाले. "माझो वाटो होतो. कोणी तरी खाल्लो."

त्यांनी मला ते तिथल्या तिथे लिहून द्यायला लावलं. मी फुलस्केपवर लिहिलं: 'जखमी खेळाडूला पुऱ्या मोसमाचा वाटा मिळतो. सगळ्या जगात हाच नियम आहे.' खाली सही केली, आणि सहीखाली बी.ए., बी.एड. सुद्धा. मग धावत रिक्षात बसलो. लग्न काही जमलं नाही.

परत आलो तर तो कागद भिंतीवर! देवांच्या तसबिरी करून देणाऱ्याकडून काकांनी त्याला चौकट करून आणली होती, आणि गणपतीशेजारी टांगली होती. त्याच दिवशी खरं सांगायचं मी ठरवलं. पण ज्याला-त्याला बोलावून काका तो कागद दाखवत, "मास्तरांनी वाचून काडल्यानी" म्हणत, आणि दिवस जातील तसं ते सांगणं अवघड होत गेलं. वर्षभरात मला त्या चौकटीची सवय झाली. पुढे पुढे ते खरंच असावं असंही वाटायला लागलं.

आणि मग बाबल्या. वाडीतला पोरगा, बाप नाही, आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. काकांनी वाळूत सुरूचे वासे रोवून गोल केला होता आणि सगळी पोरं बॅट घेऊन पळाली तरी हा एकटा तिथे चेंडू मारत राहायचा. वीस-एकविसाव्या वर्षी त्याच्या पायात असा काही दम आला की काका गोलात उभे राहायला घाबरायला लागले. तोवर आपल्याकडचा फुटबॉलही बदलला होता. सामने टीव्हीवर दिसायला लागले, जर्सींवर सिमेंट आणि मोबाइलच्या जाहिराती आल्या, गोव्याच्या संघांत ब्राझीलचे, नायजेरियाचे खेळाडू आले. अशाच एका संघाचा अधिकारी पांढऱ्या गाडीतून देवबागात उतरला तेव्हा मी कणकवलीला पेपर तपासायला गेलो होतो.

दोन दिवसांनी आलो तर काकांनी तोंड गोड करायला माझ्या हातावर खाजा ठेवला. "बाबल्याची सही झाली!"

"वाचला कोणी कागद?"

"वाचूक कित्याक व्हयो? मी त्या सायबाक इचारलंय, आजाऱ्याचो वाटो आसा मा? तो म्हणालो, काका, सगळा नेमाप्रमाणा आसा. आणि नेम तर आपल्या भिंतीर आसा!"

शेंबड्या पोरालाही न वाचता सही करू न देणाऱ्या माणसाने बाबल्याला न वाचता सही करायला लावली होती, माझ्या भरवशावर. मी बाबल्याकडून त्याची प्रत मागून घेतली. हे इंग्रजी सोपं होतं. दुखापतीमुळे खेळाडू महिन्याहून जास्त बाहेर राहिला तर क्लबला करार संपवता येईल. मी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून कागद परत दिला.

"बरा आसा मा, मास्तरानू?" बाबल्याच्या आईने विचारलं.

"बरं आहे," मी म्हणालो. पोरगा रेड्यासारखा धडधाकट होता. त्याला काय होणार होतं?

दिवाळीनंतर काकांच्या टीव्हीसमोर सगळी वाडी बसली होती, दुपारचा सामना चालू होता. बाबल्या चेंडू घेऊन पुढे घुसला, दोघांच्या मध्ये सापडला आणि पडला. तो पडल्याबरोबर काकांनी स्वतःचा गुडघा दोन्ही हातांनी धरला. टीव्हीवर जाहिरात लागली. जाहिरात संपली तेव्हा त्याच्या जागी दुसरा खेळत होता.

दोन महिन्यांनी क्लबचं पाकीट आलं. काकांनी ते माझ्यापुढे धरलं आणि मी वाचून दाखवलं. करार संपला होता. मला वाटलं काका कोसळतील. ते चक्क हसले. "चूक झाली तेंची. तेंका नेम ठावक नाय." त्यांनी भिंतीवरची चौकट काढली, टॉवेलात गुंडाळली, हिरवी जर्सी चढवली. "चला मास्तरानू."

एसटीत चौकट त्यांच्या मांडीवर होती. सांगायला माझ्याकडे सबंध प्रवास होता. कुडाळला सांगू म्हटलं, कुडाळ गेलं. सावंतवाडी गेली. बांदा गेलं. काका खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होते.

गोव्यातल्या क्लबच्या ऑफिसातला अधिकारी सभ्य होता. थंडगार खोली, कपाटभर चषक. काकांनी टॉवेल सोडून चौकट टेबलावर ठेवली. त्याने ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "हे कुठल्या करारातलं कलम?"

"सांगा," काका माझ्याकडे वळले. काय तो विश्वास होता त्या चेहऱ्यावर!

"कुठल्याच नाही," मी म्हणालो. "मी न वाचताच लिहिलं होतं."

अधिकारी हसलासुद्धा नाही. मग हळू आवाजात काकांनी विचारलं, "आणि बाबल्याचो कागद? तो तरी वाचलास?"

"वाचला. सही झाल्यावर."

"आणि सांगूक नाय?"

इतकी लाज मला त्यापूर्वी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही नाही. काका अधिकाऱ्याकडे वळले. "मास्तर खोटो बोललो. पण ह्या लिवलेला खोटा नाय. आमच्या रापणीत आसा. आमच्या पोरान तुमचो दोर वडलो, तेचो वाटो द्या."

"काका, क्लब म्हणजे रापण नव्हे हो."

"ता दिसता," काका म्हणाले आणि चौकट पुन्हा टॉवेलात गुंडाळली.

परतीच्या एसटीत ते दुसऱ्या बाकावर बसले. घरी आल्यावर मी सामान बांधायला घेतलं. लाल कार्डाची वाट बघण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळ व्हायच्या आत काका दारात उभे. हातात चौकटीतून काढलेला कागद, पेन.

"सुदारा."

मला कळेना. त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. 'सगळ्या जगात' मी खोडलं आणि त्यांनी सांगितलं तसं वर लिहिलं, 'आमच्या रापणीत'. आणि 'खेळाडूला' खोडून 'माणसाला'. "ती बी.ए. बिए पण काडा." तीही काढली. मग तीनदा मोठ्याने वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी अडखळलो, तरी पुरं वाचेपर्यंत ते थांबले.

"आणि लाल कार्ड?" मी विचारलं.

"लाल कार्ड खेळणाऱ्याक देतत. तुमी खेळलास खंय?" माझ्या बांधलेल्या सामानाकडे त्यांनी पाहिलंही नाही. "सकाळी दोरार येवा."

इतकी वर्षं ज्याच्याकडे चहा पीत बघितलं तो दोर मी दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा धरला. अर्ध्या तासात तळहात सोलून निघाले. बायका-पोरं, म्हातारे, सगळे ओढत होते आणि मास्तर धापा टाकतोय याची कोणाला गंमत वाटत नव्हती. जाळं आलं, मासे वाळूत पडले. पहिला वाटा घातला तो बाबल्याचा. तो काठीवर भार देऊन उभा होता, शेजारी आई टोपली घेऊन. मग होडीचा पडला, जाळ्याचे पडले, माणसांचे पडले. एक माझाही पडला, दहाबारा बांगडे. मी ते सगळे ओंजळीत उचलले आणि बाबल्याच्या वाट्यावर नेऊन ओतले. मला फार दिवसांनी जरा बरं वाटलं.

शिट्टी वाजली. सगळे थांबले. काका वाळूतून पाय ओढत आले आणि माझ्या नाकासमोर पिवळं कार्ड धरलं.

"ह्या काय?"

"त्याला... माझ्याकडून."

"तेचो वाटो तेका गावलो. ही भीक खंयसून इली?"

न वाकणारा पाय लांब करून ते खाली बसले, त्या ढिगातून माझे बांगडे एकेक वेचले आणि माझ्या सोललेल्या हातांत परत घातले. खारट पाण्याने हात असे चुरचुरले की डोळ्यांत पाणी आलं. बाबल्या आणि त्याची आई माझ्याकडे बघत होती. मी मासे घेऊन वाट धरली. सुरूच्या वाशांपर्यंत पोचलो नसेन, तोच मागून शिट्टी पुन्हा वाजली.

"मास्तरानू!" काका ओरडले. "आयतारी कागद आसत. येळेर येवा."